पाहुण्याचं अंथरूण

६ फेब्रुवारी

वहिनी, सा. न.

पोचलो. होडीत दोनदा पोटातलं सगळं बाहेर आलं, पण बेट दिसल्यावर जरा बरं वाटलं. हवामान केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक मनोरा आणि वाऱ्याचा आवाज. इथे आम्ही दोघंच. माझे साहेब बोलतात फक्त आकड्यांत. फोन लागत नाही. वायरलेस आहे, पण त्यावर फक्त हवामान बोलायचं. तेव्हा पत्रं. होडी आठवड्यातून एकदा येते, समुद्राची मर्जी असेल तर.

माझा सगळा जीव तुमच्या पुढच्या खोलीतल्या त्या काचेच्या पेटीत आहे. पाहुणा कसा आहे? घाईत निघालो, नीट सांगता आलं नाही. ही पाल आहे, पण भिंतीवरची नव्हे. हिच्या पायांना चिकटायची गादी नसते, त्यामुळे काच चढून बाहेर येणार नाही, हे दादाला दोन वेळा वाचून दाखवा. हिला पापण्या आहेत, झोपताना डोळे मिटते. अजून पिल्लूच आहे, माझ्या करंगळीपेक्षा थोडं मोठं. शेपटी मात्र कधी धरू नका. घाबरलं तर शेपटी तोडून टाकतं आणि मग दुसरी येते ती मुळ्यासारखी.

पेटीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे. एका बाजूला उबेची चटई, दुसरी बाजू गार, मध्ये ओलसर गुहा, रोज बारके रातकिडे, आणि खाली टिश्यू पेपर. बाकी काही नाही.

पाच वर्षं हा एक प्राणी पाळायचा म्हणून थांबलो होतो, आणि हातात आला तेव्हा नेमकी ही बदली. तुम्ही हो म्हणालात म्हणून आलो, नाहीतर नोकरीला नाही म्हटलं असतं. खरंच.

तुमचा,
भावजी

१५ फेब्रुवारी

भावजींना अ. उ. आ.

तुमचं पत्र मिळालं. पोटातलं बाहेर आलं ते बरंच झालं, निघताना सहा पोळ्या कुणी खायला सांगितल्या होत्या?

पाहुणा मजेत आहे. तुमचे बंधुराज तितकेसे नाहीत. पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं टेबल होतं ना, ते आता स्वयंपाकघरात आलंय. कारण विचारलं तर म्हणाले, इकडे उजेड चांगला आहे. स्वयंपाकघरात कधी सूर्य आल्याचं मला तरी आठवत नाही. काल एक गिऱ्हाईक थेट चुलीपाशी येऊन बसलं आणि म्हणालं, "वहिनी, घड्याळ शिजवताय का?"

मीही पहिले दोन दिवस लांबूनच बघत होते. मग रातकिडा टाकला आणि त्याने मान खाली घालून, शेपटीचं टोक हलवत जो दबा धरला, तो बघून मला हसू आवरेना. तिसऱ्या दिवसापासून गाद्यांचं दुकान उघडायच्या आधी अर्धा तास पेटीपुढे बसते. एक विचारायचंय. तो सगळ्याला जीभ लावून का बघतो? मी कापूस दमट आहे का ते गालाला लावून बघते, हा जिभेने बघतो. असंच काहीतरी असावं ना? आणि झोपतो तो पोटावरच का? कुशीवर कधी वळत नाही? इतकी वर्षं माणसांना झोपायला काय लागतं ते बघतेय, हा कसा झोपतो ते मला कळतच नाही.

बिछान्याचं मात्र मी बघितलंय. दुकानावर गाद्यांची पाटी आणि घरचा पाहुणा कागदावर झोपतो, हे चार लोकांनी बघितलं तर काय म्हणतील? तुम्ही काळजी करू नका. आता राजासारखा झोपतो.

दादा म्हणतात, त्यांचाही नमस्कार लिही. त्यांनी तो स्वयंपाकघरातून पाठवलाय.

वहिनी

२३ फेब्रुवारी

वहिनी, सा. न.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, साहेबांनाही वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, पण एका नोंदीत त्यांचा आकडा चुकला, म्हणजे मनातून हसले असावेत.

जिभेचं तुम्ही बरोबर ओळखलंत. तो चाटून वास घेतो. जमीन कसली, कुणी येऊन गेलं का, खायचं आहे का, सगळं जिभेने. म्हणूनच मी कागद घातलाय. मला ज्या मित्राने पिल्लू दिलं त्याच्याकडे एकाने हौसेने बारीक वाळू पसरली होती, वाळवंटातला प्राणी म्हणून. त्या पिल्लाने किड्याबरोबर वाळू गिळली, पोट दगड झालं आणि वाचलं नाही. लाकडाचा भुसाही नको, त्याच्या वासाने छाती भरते. कागद साधा दिसतो, पण गिळला जात नाही, टोचत नाही आणि घाण लगेच दिसते. तुम्ही रोज कागद बदलता आणि दोन पदर घालता, असं मी समजतो. राजासारखा झोपतो म्हणालात त्यावरून तेच असणार. कागद थोडा मऊ चालेल, पण दोन पदर पुरे.

तो कुशीवर वळत नाही कारण त्याला पोटातून ऊब घ्यायची असते. खालून ऊब, वरून अंधार, एवढंच त्याला लागतं. मऊपणाचं त्याला काही नाही. उलट पायाखाली काहीतरी घट्ट लागतं, नाहीतर पाय पसरतात.

एक महत्त्वाचं. थोड्याच दिवसांत तो पांढुरका, धुरकट दिसू लागेल. घाबरू नका, कात टाकायची तयारी असते ती. गुहेतला कागद ओला ठेवा. कात टाकून झाली की पायाची बोटं एकेक करून बघा, दिव्याजवळ. बोटाला कातीचा तुकडा अंगठीसारखा राहिला तर रक्त थांबतं आणि बोट मरतं.

भावजी

३ मार्च

बाबा रे,

हे पत्र मी टेबलाखाली धरून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या वहिनीला सांगू नकोस की मी लिहिलं. तीही तुला लिहिणार आहे, पण गेले तीन दिवस कागद समोर घेऊन बसते आणि उठते.

तुझ्या टिश्यू पेपरचं काय झालं ते तुला कळलेलं नाही. ती म्हणाली ना, बिछान्याचं बघितलं? तिने गुहेत सावरीचा कापूस पसरला. तोच, जो ती मोठ्या गिऱ्हाइकाच्या उशीत भरते. वर मलमलीचा तुकडा, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेला. दिसायला काय सुरेख! मीही म्हणालो, आता पालीचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

पण प्राणी कसला ऐकतोय? त्याने एका कोपऱ्यातून नखं घालून टाका उसवला आणि कापसात शिरला. वरून कात आली. तुझं पत्र आलं तेव्हा तो कात टाकून बसला होता. तुझ्या वहिनीने दिव्याखाली बघितलं. मागच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना कापसाचे धागे गुंडाळलेले, कातीच्या तुकड्यांसकट, एक बोट लाल, दुसरं फुगून काळपट.

तिने दुकान उघडलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तर ती म्हणते, "याचे पाय मीच अंथरुणात अडकवले." रडत नाही ती, तुला माहीत आहे. पण एक पूर्ण गादी उसवून पुन्हा भरली. कुणी मागितली नव्हती.

काय करायचं ते लिही. पण तुझं उत्तर येईपर्यंत आठवडा जाईल, हेही मला कळतं.

दादा

५ मार्च

भावजी,

दादांनी टेबलाखाली पत्र लिहिलं ते मी बघितलंय. टेबलाखाली पाय हलत होते. आता माझं ऐका.

कापूस मी घातला. तुम्ही चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, तरी घातला. मला वाटलं, भावजी तरुण आहेत, त्यांना अंथरुणातलं काय कळतंय? मी तर चार वर्षांच्या मुलापासून पाठ मोडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना झोपवते. पण या जीवाला कशाची झोप लागते ते विचारलंच नाही. तुम्हाला विचारलं तेही उलट्या क्रमाने, आधी केलं आणि मग विचारलं.

तुमच्या पत्राची वाट बघत बसले असते तर बोट गेलं असतं. काय करणार? कोमट पाणी केलं, थाळीत त्याचे पाय बुडतील एवढंच घेतलं आणि पाहुण्याला त्यात उभा केला, तुमच्याच पत्रात ओल्या कागदाचं वाचलं होतं म्हणून. कात नरम झाली, पण धागा आवळलेला. माझ्या हाताला दाभण सवयीचं. केसाएवढ्या धाग्याला माझी बोटं म्हणजे कुदळीच. म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तुमच्या बंधुराजांना म्हटलं, "भिंग लावा आणि बारीक चिमटा आणा."

त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. म्हणाले, "मी? पाल?" मी म्हटलं, "घड्याळ समजा." म्हणाले, "घड्याळ चावत नाही." मी म्हटलं, "हाही नाही चावत." त्यावर ते म्हणाले, "हे तू त्याला विचारलंस का?"

पण आले. मी पाहुण्याला मुठीत धरला, फक्त पाय बाहेर. दादांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मग त्यांचा हात असा स्थिर झाला की मला कळेना, हाच माणूस का! धागा उचलला, कापला, ओढला. दुसरा. तिसरा. एक बोट लगेच मोकळं झालं, त्याचा लाल रंगही उतरला. दुसरं अजून काळपट आहे. संपल्यावर त्यांनी चिमटा खाली ठेवला, भिंग काढलं आणि तिथेच जमिनीवर बसले. पाणी मागितलं. मला वाटलं, घाबरले. म्हणाले, "अगं, त्याने मला बघितलं. पापणी मिटून, उघडून बघितलं."

आता पेटीत तुमचा कागद आहे. दोन पदर. तो खातोय, पण कालपासून अर्धंच.

काळ्या बोटाचं काय करू? रागावायचं असेल तर रागवा, पण आधी ते सांगा.

वहिनी

१४ मार्च

वहिनी, सा. न.

तुमचं आणि दादाचं पत्र एकाच पिशवीत आलं. आधी दादाचं उघडलं आणि अर्ध्यावरच खाली ठेवलं. मग तुमचं उघडलं आणि हसलो. साहेब म्हणाले, वाऱ्याचा वेग मोजायला बाहेर जा, इथे तुमच्या हसण्याचाच मोजला जाईल.

बोटाला हात लावू नका. कापू नका, ओढू नका, मलम लावू नका. कागद रोज बदला, म्हणजे घाण लागून पिकणार नाही. काळं टोक आपोआप गळेल, वर बोट थोडं आखूड राहील. त्याने चालायला काही अडत नाही. पण काळेपणा पायाकडे वर सरकला किंवा पाय सुजला, तर लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ते बाजाराच्या मागच्या गल्लीत बसतात. अर्धं खाणं ठीक आहे. पूर्ण थांबलं तर मात्र न्या.

मी रागावलो नाही. चुकीची चिठ्ठी माझीच. मी 'टिश्यू पेपर' लिहिलं, 'का' ते लिहिलंच नाही. गाद्या बनवणाऱ्या माणसाला कारण न सांगता कागद दाखवला तर तो कापूस आणणारच.

आता एक बातमी आहे. केंद्राने मला पावसाळ्यानंतरही थांबायला सांगितलंय, म्हणजे ठरल्यापेक्षा सहा महिने जास्त. नाही म्हणता येत नाही. तुमच्यावर एवढं ओझं टाकायचं माझ्या मनाला पटत नाही. पिल्लू दिलेल्या मित्राचं घर तुमच्यापासून जवळच आहे. त्याच्याकडे अशा दहा पेट्या आहेत, सगळं नीट आहे. मी त्याला कळवलं आहे. तो येऊन घेऊन जाईल. दादालाही त्याची खोली परत मिळेल.

भावजी

२२ मार्च

भावजी,

तुम्ही 'रागावलो नाही' लिहिता आणि पुढच्याच ओळींत पेटी उचलून नेता. हे कुठलं न रागावणं?

सरळ लिहायचं होतं, 'वहिनी, तुमच्या हातून एक बोट गेलं, दुसरं जायला नको.' मी काय रुसून बसले असते? पण तुम्ही ओझ्याचं नाव पुढे केलंत आणि दादांची खोली मध्ये आणलीत. दादांचं टेबल परवाच पुढच्या खोलीत परत आलं, पेटीच्या अगदी शेजारी. विचारलं तर म्हणाले, "इकडे उजेड चांगला आहे."

काळेपणा वर गेलेला नाही. तो पुन्हा पोटभर खातोय. मी फक्त कागद बदलत बसलेले नाही, हेही सांगते. मला कळायला हवं होतं की त्याला काय लागतं. म्हणून कागदाच्या शेजारी एकेक गोष्ट ठेवून बघितली, दरवेळी मी पेटीसमोर बसून. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय चारी दिशांना पसरले, त्याला उठता येईना. चेहरा असा केला की दादा म्हणाले, याला बर्फावर नेलंय का? रबरी चटईवर उभा राहिला, पण जिभेने एकदा तपासून तिथून निघून गेला. वासच वाईट होता, मलाही आला. दगडाची खडबडीत पाटी ठेवली, कडा घासून गोल केलेली, तर तिच्यावर सरळ जाऊन पोट टेकून पडला. पाटी खालून गरम होते आणि ऊब धरून ठेवते. धागा नाही, कण नाही, गिळायला काही नाही. ओल्या गुहेत मात्र अजून कागदच आहे, तिथे पाटी गार पडते.

गादीत आम्ही काय करतो? माणूस खाली रुतला पाहिजे, गादीने त्याला झेलला पाहिजे. याला रुतणं नकोच. याला खाली काहीतरी असं हवं की जे हलणार नाही. हे मला चार वर्षं शिकाऊ होते तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि हा एका महिन्यात सांगून मोकळा झाला.

मित्राला पाठवायचं तर पाठवा. पाहुणा तुमचा आहे. पण त्याला सांगा, काळं बोट अजून पडलेलं नाही, धरताना जपून.

वहिनी

३१ मार्च

वहिनी,

तुम्ही चुकीचं वाचलंत आणि मी चुकीचं लिहिलं. मला भीती तुमच्या हाताची नव्हती. मला वाटलं, दादा अजून स्वयंपाकघरातच बसलाय, तुम्ही मला बोलून दाखवत नाही आणि घरात रोज कुरबुर चाललीय. टेबल परत आल्याचं मला काय माहीत?

मित्र येत्या रविवारी येणार आहे. त्याला मी इथून थांबवलेलं नाही. पाहुणा द्यायचा की ठेवायचा ते तुम्ही दोघांनी ठरवा. नको म्हणालात तर त्याला रिकामं परत पाठवा, मी नंतर माफी मागेन. आणि ठेवलात तर दगडाची पाटीच ठेवा. माझा कागद हरला हे मला मान्य आहे. पाटीच्या कडेला फट राहू देऊ नका, रातकिडे खाली लपून बसतात.

बोटाचं लिहा.

भावजी

९ एप्रिल

भावजी,

रविवारी तुमचा मित्र न्यायची छोटी पेटी घेऊन आला तेव्हा पाहुणा धुरकट झाला होता. सकाळपासून ओल्या गुहेत बसला होता. मी मित्राला म्हटलं, आता हलवता येणार नाही, बसा. तो म्हणाला, हो, कात टाकू दे. आम्ही तिघं पेटीपुढे बसलो, नाटक बघायला बसतात तसे. दादांनी भिंग डोळ्याला लावूनच ठेवलं होतं, गरज नसताना.

नाकापासून सुरू झालं. पांढरा पापुद्रा डोक्यावरून मागे गेला, टोपी काढावी तसा. मग त्याने तो तोंडात धरला आणि गिळायला लागला. मी घाबरले, म्हटलं, अहो, गुदमरेल! मित्र म्हणाला, खातातच ते. आपलीच कात! वाया काही जाऊ देत नाही. मला हे फार आवडलं. मग पाटीवर आला आणि मागचे पाय खडबडीत दगडावर एकेक करून घासले, आणि मोज्यासारखी कात उतरली. उजव्या पायाची कात निघाली तेव्हा तिच्याबरोबर काळं टोकही निघालं. खाली पाटीवर पडलं, तिळाएवढं. आत बोट आखूड, पण स्वच्छ, गुलाबी. बाकीची सगळी मोकळी. दादांनी भिंगातून प्रत्येक बोट मोजलं आणि मित्राला चहा आणून दिला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुमची पेटी रिकामीच न्या बरं का. तिच्यात उजेड नाही." मित्र हसला आणि गेला.

आज सकाळी दुकान उघडण्याआधी मी पेटीत हात ठेवला, पाटीच्या शेजारी, फक्त कसा वागतो ते बघायला. त्याने जीभ लावली, दोनदा. मग चढला. दाभण ढकलून ढकलून माझ्या तळहाताला किती घट्टे पडलेत, तुम्हाला माहीत आहे. तिथेच, घट्ट्यांवर पोट टेकून बसला. पाय कुठे घसरले नाहीत. मी हात बाहेर काढला तरी उठला नाही. आता हे पत्र लिहितेय आणि तो अजून तिथेच आहे, डोळे मिटून. अक्षर वाकडं आलंय म्हणून रागावलेय असं समजू नका. डाव्या हाताने लिहितेय.

वहिनी